हलका लॅपटॉप घेताना: जे नंतर बदलत नाही, ते आधी बघा

लॅपटॉप घ्यायला खडेबाजारात निघताना मी पिशवीत स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा टाकला होता. दुकानातल्या पोरानं तो बघून विचारलंच, "काय ओ सर, सोनं घ्यायला आलाय की लॅपटॉप?" पण काटा कामाला आला. कागदावर १.४ किलो लिहिलेला लॅपटॉप काट्यावर १.४३ भरला. ठीकच. मग मी त्याचा चार्जर ठेवला, भिंतीपर्यंत जाणाऱ्या जाड वायरीसकट. आणखी साडेतीनशे ग्रॅम. शेजारच्या दुसऱ्या लॅपटॉपचं स्वतःचं वजन थोडं जास्त होतं, पण त्याचा चार्जर मोबाइलच्या चार्जरएवढा. दोन्ही बेरजा केल्या तर 'जड' म्हणून बाजूला ठेवलेला लॅपटॉपच हलका निघाला. कंपन्या वजन छापतात ते नुसत्या लॅपटॉपचं. खांद्यावर येतं ते सगळ्याचं मिळून.

लॅपटॉप माझ्या पुतणीसाठी होता. ती खानापूर तालुक्यातल्या गावातून रोज बेळगावला कॉलेजला येते. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसप्रवास फुकट झाला, तो चांगलाच झाला, पण सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळण्याची आशा त्या दिवसापासून संपली. "काका, मी रोज तासभर उभं राहून येतो. मला हलकाच पाहिजे की ओ," हे तिचं म्हणणं. (आमच्याकडं पोरीसुद्धा 'येतो-जातो'च म्हणतात, पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये.)

माझं टिळकवाडीत डीटीपीचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम. पंचवीस वर्षं मशिनं उघडून बघतोय. लोक येऊन विचारतात, "चाळीस-पन्नास हजारात चांगला पातळ लॅपटॉप कुठला?" याचं उत्तर मी मॉडेलच्या नावानं देत नाही, कारण सहा महिन्यांत ते मॉडेल बाजारातून जातं. मी एकच गोष्ट सांगतो: पातळ लॅपटॉपमध्ये जे नंतर बदलता येत नाही त्याला पैसे द्या, आणि जे नंतर जोडता येतं त्याच्यावर कंजुषी करा. बाकीचा लेख म्हणजे बदलत नाही ते कुठलं आणि जोडता येतं ते कुठलं, एवढंच.

पातळपणा कुठून आला?

२००८ च्या जानेवारीत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी मंचावर एका कागदी पाकिटातून लॅपटॉप बाहेर काढून दाखवला. तो पहिला मॅकबुक एअर, १.३६ किलोचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्यात काय आहे म्हणून नव्हे, तर किती कमी जागेत आहे म्हणून. सीडी ड्राइव्ह नाही, नेटवर्कच्या वायरीचं भोक नाही, यूएसबीचं भोक एकच, आणि रॅम (चालू कामाची जागा, पुढं सांगतो) बोर्डलाच कायमची जोडलेली. पुढं २०११ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलनं 'अल्ट्राबुक' हे नाव काढलं आणि विंडोजवाल्या कंपन्याही त्या वाटेनं निघाल्या.

म्हणजे पातळपणा ही काही जादू नाही, वजाबाकी आहे. रॅमचा स्लॉट काही मिलिमीटर जागा खातो, तो काढून चिप थेट बोर्डवर डकवली. सहज निघणारी बॅटरी जाड असते, ती चपटी करून आत स्क्रूनं बसवली. पंखा लहान केला, काही ठिकाणी काढूनच टाकला. जुन्या जाडजूड लॅपटॉपला गिऱ्हाईक तीन वर्षांनी घेऊन यायचं, मी रॅम वाढवून द्यायचो, अजून तीन वर्षं चालायचा. आता तेच गिऱ्हाईक येतं, मी मागचं झाकण उघडतो आणि परत लावतो.

मी स्वतःही यात फसलोय. २०१९ मध्ये घरात एक सुंदर पातळ लॅपटॉप आणला. ४ जीबी रॅम होती. म्हटलं, पुढं वाढवू. उघडला तर स्लॉटच नाही. दुरुस्ती करणारा माणूस स्वतःच्या मशिनचा कागद न वाचता आणतो, हे बायको अजून चारचौघांत सांगते.

रॅम

निपाणीची तंबाखूची वखार ज्यानं बघितली आहे त्याला हे लगेच कळेल. माल कितीही असो, तो वखारीत पडून असतो. पण सौदा होतो तो पुढच्या मोकळ्या जागेत, जिथं पोती काढून, फोडून, दाखवता येतात. ती जागा म्हणजे रॅम आणि वखार म्हणजे एसएसडी, फाइली कायमच्या साठवायची जागा. पुढची जागा भरली की एक पोतं आत टाकल्याशिवाय दुसरं बाहेर काढता येत नाही. लॅपटॉप 'अडकतो' म्हणतात तो बऱ्याचदा हाच प्रकार: ब्राउझरच्या वीस टॅब, वर्ड, व्हॉट्सॲप आणि मागं चाललेला अँटिव्हायरस मिळून जागा संपते आणि मशिन सारखं आत-बाहेर करत बसतं.

विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालतं. प्रत्यक्षात ८ जीबीवर आज काम भागतं, पण लॅपटॉप पाच वर्षं वापरायचा असेल आणि रॅम बोर्डवर डकवलेली असेल, तर १६ जीबीच घ्या. इथं माझं मत ठाम आहे. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, रॅम नको.

डकवलेली आहे की नाही हे कसं ओळखायचं? माहितीपत्रकात 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' लिहिलेलं असतं. 'एलपीडीडीआर' या अक्षरांनी सुरू होणारी रॅम असेल तर ती जवळपास नेहमीच डकवलेली. नुसतं 'डीडीआर४' किंवा 'डीडीआर५' असेल तर स्लॉट असण्याची शक्यता आहे, पण दुकानदाराला स्पष्ट विचारा: "रिकामा स्लॉट आहे का?" काही मशिनांत ८ जीबी डकवलेली आणि शेजारी एक स्लॉट मोकळा असतो. हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, आज कमी पैशात घ्या आणि दोन वर्षांनी वाढवा. शिवाय रॅम दोन भागांत असली की मशिन तिच्याशी एकाच वेळी दोन वाटांनी बोलतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला, म्हणजे बहुतेक पातळ लॅपटॉपना, याचा फायदा चांगला होतो.

प्रोसेसर, आणि चोर्ला घाट

आता गुंतागुंतीचा भाग. एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप सारख्याच वेगानं का चालत नाहीत?

बेळगावहून गोव्याला चोर्ला घाटातून गाडी नेलेल्यांना विचारा. सपाट रस्त्यावर लहान गाडी आणि मोठी गाडी दोन्ही ऐंशीनं जातात. पण गोव्याहून परत येताना घाटाची चढण लागली आणि लहान गाडीचा रेडिएटर अपुरा असला, की काटा वर सरकतो आणि ड्रायव्हरला पाय सैल करावा लागतो. इंजीन वाईट नसतं. उष्णता बाहेर टाकायची सोय कमी पडते.

प्रोसेसरचंही असंच. इंटेलचा आय५-१२३५यू घ्या. त्याची मूळ वीज १५ वॅट, पण थोडा वेळ गरज पडली तर तो ५५ वॅटपर्यंत ओढू शकतो. फाइल उघडली, पान लोड झालं, म्हणजे दोन-चार सेकंदांचा जोर. तेवढा जोर पातळ लॅपटॉपही लावतो. पण अर्धा तास व्हिडिओ एडिट करायला बसलात तर आतली उष्णता साठत जाते, आणि मशिन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. जाड लॅपटॉपात पंखा मोठा, हवेला वाट जास्त, म्हणून तोच प्रोसेसर तिथं जास्त वेळ दम धरतो.

म्हणून माझं सांगणं असं. वाचन, लेखन, ऑनलाइन क्लास, बँक, हिशेब, पिक्चर बघणं या रोजच्या कामांत जोर थोड्या थोड्या वेळाचाच लागतो. त्याला पातळ लॅपटॉप उत्तम. उद्यमबागेत नोकरी लागेल आणि घरी बसून मोठी थ्री-डी ड्रॉइंगं करायची आहेत, किंवा लग्नाचे व्हिडिओ कापायचे आहेत, किंवा गेम खेळायचे आहेत, तर पातळ घेऊ नका. जाड घ्या, बॅग मजबूत घ्या. पैसे तेवढेच जातील आणि मनस्ताप वाचेल.

एक घरगुती गोष्ट राहिली. बहुतेक पातळ लॅपटॉप हवा खालून ओढतात. ते वाकळेवर ठेवून पिक्चर बघणं म्हणजे गाडीच्या रेडिएटरवर पोतं टाकणं. मला दुरुस्तीला येणाऱ्या 'गरम होतोय' या तक्रारींतल्या कितीतरी अशाच असतात. दुसऱ्या बऱ्याचशा धुळीच्या. लाल मातीच्या गावात दीड-दोन वर्षांनी एकदा पंखा साफ करून घ्यावा.

नावं वाचायची कशी

इथं कंपन्यांनी जाणूनबुजून घोळ घातलाय असं मला वाटतं. प्रोसेसरच्या नावात शेवटचं अक्षर आधी वाचायचं. 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ मशिनसाठी. 'एच' म्हणजे जास्त वीज, जास्त जोर, जास्त उष्णता. इंटेलच्या एका काळात मधला 'पी' होता. इंटेलचं नाव 'एन' या अक्षरानं सुरू होत असेल, जसं एन१००, तर तो अगदी हलक्या कामाचा. मुलाच्या ऑनलाइन शाळेला चालेल, पण त्यावर पाच वर्षांचा संसार मांडू नका. २०२३ मध्ये इंटेलनं 'आय३, आय५, आय७' मधला 'आय' काढून टाकायचं जाहीर केलं. त्यामुळं आता 'कोअर ५' आणि 'कोअर अल्ट्रा ५' अशी नावं दिसतात. दुकानात कुणी "आय फाइव्ह आहे" एवढंच सांगितलं तर पुढचे आकडे वाचल्याशिवाय मान हलवू नका. दहा वर्षांपूर्वीचा आय५ हासुद्धा आय५च.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरांचा किस्सा तर सांगण्यासारखा आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. कानाला एका वर्गातले जुळे भाऊ. त्यांच्या त्या मालिकेत पहिला आकडा साल दाखवतो आणि तिसरा आकडा आतलं डिझाइन किती जुनं ते. ७५२० मधला २ म्हणजे २०१९ मध्ये बाजारात आलेलं 'झेन २' डिझाइन, चार कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारे चार भाग. ७५३० मधला ३ म्हणजे त्यानंतरचं 'झेन ३', सहा कोअर. शिवाय ७५२०यूला फक्त एलपीडीडीआर५ रॅम चालते, म्हणजे ती डकवलेलीच येणार. एका आकड्याचा फरक, पण पहिला घेतला तर दोन कोअर गेले आणि रॅम वाढवायची वाटही गेली. स्टिकरवर दोन्हीकडं मोठ्या अक्षरांत 'रायझन ५'.

मालिका बदलतात, नवी नावं येतात. सगळी पाठ करायची गरज नाही. प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, कागदावर लिहून घ्या, घरी जाऊन तो कुठल्या साली आला आणि त्यात किती कोअर आहेत एवढं बघा, आणि मग दुसऱ्या दिवशी पैसे द्या. एक दिवस थांबल्यानं कुठलीही ऑफर मरत नाही. पुढच्या सणाला तीच परत येते.

'एआय' लिहिलेले लॅपटॉप? मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस' नावाचा वर्ग काढला. त्यासाठी किमान १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण आणि एआयसाठीचा वेगळा, ठरावीक ताकदीचा भाग लागतो. रोजच्या कामासाठी त्या वेगळ्या भागाचे जास्तीचे पैसे मी देणार नाही. पण त्या नावामुळं १६ जीबीची खात्री मिळते, एवढं खरं.

बॅटरी: तास नव्हे, वॅट-अवर

जाहिरातीत 'बारा तासांपर्यंत' असतं. त्यातला 'पर्यंत' हा शब्द कामाचा. स्क्रीन मंद करून, एकच व्हिडिओ चालू ठेवून मोजलेले तास ते. त्याऐवजी बॅटरीचा 'वॅट-अवर' आकडा शोधा, म्हणजे तिच्यात वीज किती मावते तो. भागाकार सोपा आहे: साधं काम करताना पातळ लॅपटॉप साधारण ६ ते १० वॅट खातो. ४२ वॅट-अवरची बॅटरी आणि ८ वॅटचा खर्च धरला तर पाच तासांच्या थोडं वर. ६० वॅट-अवर असेल तर साडेसात. मोबाइलशी तुलना करायची तर ५००० एमएएचची मोबाइल बॅटरी म्हणजे जेमतेम १९ वॅट-अवर. म्हणून मोबाइलच्या साध्या पॉवर बँकवर लॅपटॉप चालवायचा विचार सोडून द्या.

बॅटरी नंतर बदलता येते, पण पातळ मशिनात ती मॉडेलप्रमाणे बनवलेली असते, आणि पाच वर्षांनी अस्सल मिळेलच असं नाही. म्हणून ती मी 'न बदलणाऱ्या'तच धरतो आणि मोठी घ्यायला सांगतो. दिवसभर टेबलावर चार्जिंगला लावून वापरणार असाल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेक कंपन्या देतात, ती चालू करा. पूर्ण भरलेली आणि सतत गरम असलेली बॅटरी लवकर थकते.

खेड्यातल्या माणसाला हेस्कॉमच्या लाईटचा भरवसा किती हे सांगायला नको. पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, झाड तारेवर पडलं की संध्याकाळ गेली. लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो, आणि मग लोक म्हणतात नेट गेलं. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. ही 'नंतर जोडायची' गोष्ट, लॅपटॉपच्या बजेटमधून थोडे पैसे तिच्यासाठी ठेवा.

चार्जिंग टाइप-सी भोकातून होतं का, हेही बघा. म्हणजे एक ६५ वॅटचा चार्जर लॅपटॉपला आणि मोबाइलला दोन्हीला चालतो, आणि हरवला तर कुठंही मिळतो. जुन्या गोल पिनचा चार्जर गेला तर तीच पिन शोधत गल्लोगल्ली फिरावं लागतं. मात्र टाइप-सी भोक दिसलं म्हणून त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काही फक्त डेटासाठी असतात. दुकानात लावून बघा.

स्क्रीन

ही तर कधीच बदलत नाही, आणि डोळे रोज तिच्यावरच. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन अजून कुठं मिळाली तर हात जोडून परत द्या. १५.६ इंचाच्या अशा स्क्रीनवर इंचाला शंभर ठिपके पडतात, १४ इंचाच्या १९२० बाय १२०० वर एकशे साठाच्या वर. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक कदाचित खपून जाईल. आपल्याला नाही. रफार, वेलांटी, अनुस्वार, 'ष्ट्य' सारखी जोडाक्षरं, आणि कन्नडमधली खाली लोंबणारी ओत्ताक्षरं शंभर ठिपक्यांत चुरगळतात. '१६ बाय १०' आकाराची स्क्रीन थोडी उंच असते, पानाच्या दोन-तीन ओळी जास्त दिसतात.

पॅनेल 'आयपीएस' असावं, बाजूनं बघितलं तरी रंग उलटत नाहीत. उजेड 'निट्स'मध्ये मोजतात: २५० म्हणजे आतल्या खोलीपुरतं, खिडकीशेजारी किंवा पडवीत बसणार असाल तर ३०० च्या पुढं. रंगांसाठी '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं दिसलं तर समजा रंग फिके. माझ्याकडं शहापूर-वडगावातून साड्यांचे फोटो पाठवायला लोक येतात. घरच्या लॅपटॉपवर रंग नीट करून गिऱ्हाइकाला पाठवतात आणि तिकडं डाळिंबी वेगळीच दिसते. अशा कामाला 'शंभर टक्के एसआरजीबी' हवं. इतरांनी त्यासाठी जास्त पैसे घालवायची गरज नाही.

कीबोर्ड आणि आपल्या दोन-तीन भाषा

दुकानात उभं राहून पाच मिनिटं टाइप करा, चक्क. पातळ लॅपटॉपच्या कळा उथळ असतात. काही बोटांना आवडतात, काही दुखवतात. १४ इंचात उजवीकडचा आकड्यांचा भाग नसतो. गणपत गल्लीतल्या हिशेबनिसाला हे मोठं दुःख, पण यूएसबीचा सुटा नंबरपॅड मिळतो, तेव्हा त्यासाठी १५.६ इंचाचं धूड घेऊ नका.

दुकानदार म्हणेल, "यात विंडोज होम सिंगल लँग्वेज आहे," आणि आमच्याकडची माणसं घाबरतात: मग मराठी-कन्नड कसं करायचं? त्या 'सिंगल'चा अर्थ मेनू आणि बटणांवरची भाषा एकच, एवढाच. टाइप करायला मराठी, कन्नड, हिंदी हवे तेवढे कीबोर्ड घालता येतात आणि विंडोजची कळ व स्पेस एकत्र दाबून बदलता येतात. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

आणि एक गोष्ट जी सीमाभागात प्रत्येक पोराला शिकवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं: इनस्क्रिप्ट. ही मांडणी बहुतेक भारतीय लिप्यांसाठी एकच आहे. मराठीत ज्या कळीवर क, त्याच कळीवर कन्नडचा क. त, प, र तसेच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, 'डी'च्या कळीवर हलंत. एकदा बोटं बसली की मराठी अर्ज आणि कन्नड अर्ज दोन्ही त्याच बोटांनी होतात. माझ्या दुकानात दोन्ही भाषांचं काम एकाच खुर्चीवर चालतं ते याच जोरावर.

घ्यायच्या आधी आपलं सॉफ्टवेअर विचारा

मॅकबुक एअर सुंदर मशिन आहे. २०२० च्या एम१ पासून त्यात पंखाच नाही, आवाज शून्य, बॅटरी लांब. पण टॅली विंडोजचं आहे, मॅकवर सरळ चालत नाही. कन्नड टायपिंगचं जुनं नुडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचीही तीच अडचण. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप आलेत, बॅटरीला तेही चांगले. पण त्यांना प्रिंटर आणि अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर (ते यंत्र चालवायचं छोटं सॉफ्टवेअर) त्याच चिपसाठी बनवलेला लागतो. ग्राम वन केंद्र (गावातलं सरकारी सेवा केंद्र) चालवणाऱ्यानं ते आधी तपासल्याशिवाय घेऊ नये. विद्यार्थ्याला अडचण बहुधा येणार नाही.

सेकंडहँड घेणार असाल तर: विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढं चालतं. सहाव्या-सातव्या पिढीचा चकचकीत केलेला लॅपटॉप कितीही स्वस्त दिला तरी हे लक्षात ठेवा. विक्रेत्याला 'बॅटरी रिपोर्ट' काढून दाखवायला सांगा. त्यात नवी असतानाची क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. बिजागरी दोन्ही बाजूंनी हलवून बघा.

बेळगाव की कोल्हापूर?

निपाणी-चिकोडीकडची माणसं हमखास विचारतात. निपाणीहून कोल्हापूर बेळगावच्या जवळपास निम्म्या अंतरावर. जीएसटी दोन्हीकडं १८ टक्केच, आणि मोठ्या कंपन्यांची वॉरंटी भारतभर. त्यामुळं जिथं स्वस्त तिथं घ्या. फक्त 'ऑनसाइट' वॉरंटी म्हणजे माणूस घरी येणार, ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का हे कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर विचारा, दुकानदाराला नको. माझ्या एका गिऱ्हाइकाला ऑनसाइट म्हणून विकलं आणि नंतर "तुमचं गाव यादीत नाही, मशिन आणून द्या" सांगितलं. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि खोक्यावरचा नंबर व मशिनखालचा नंबर एकच आहे ना ते तिथंच बघा.

पुतणीनं शेवटी घेतला तो दुसरा, छोट्या चार्जरचा: १४ इंच, १६ जीबी, ५१२ जीबीची एसएसडी, टाइप-सी चार्जिंग. एसएसडी मी मुद्दामच मोठी घ्यायला लावली नाही, ती या मशिनात बदलता येते. रंग मात्र तिनं ठरवला, त्यात माझं काही चाललं नाही.

रात्री साडेदहाला फोन. "काका, दुकानदारानं फसवलं की ओ! पाचशेबाराचं सांगितलं आणि आत चारशे शहात्तरच दाखवतंय. छत्तीस जीबी खाल्ले त्यानं!"

तिला सांगितलं ते इथंही सांगतो. कंपनी एक जीबी म्हणजे बरोबर शंभर कोटी बाइट मोजते. विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ करतं, म्हणजे १०७ कोटींच्या वर, आणि त्यालाही जीबीच म्हणतं. माप मोठं झालं की मापं कमी भरतात. माल तेवढाच आहे.

"म्हणजे ते छत्तीस परत नाही मिळणार?"

"नाही."

"मग दुकानदाराला उद्या फोन करू नको म्हणता?"

"नको. झोप आता, सकाळची गाडी चुकेल."

"थांबा की, मराठीचा कीबोर्ड कुठं घालायचा ते तरी सांगा."